बारा तुकड्यांचा न्याय

कर न्याय्य असावा, याबद्दल ड्रमलीच्या खोऱ्यात कधीच दुमत नव्हतं. न्याय्य कर म्हणजे शेजाऱ्याने भरायचा कर, याबद्दलही नव्हतं. अडचण एवढीच होती, की खोऱ्यातला प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा शेजारी होता.

एरवी हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण सरकारने एक समिती नेमली. देशाची करव्यवस्था न्याय्य आहे का आणि नसेल तर ती कशी करावी, हे लोकांनाच विचारत ही समिती गावोगाव फिरणार होती. जुलैच्या अखेरीस ती आपल्या भागात येणार, ही बातमी लॉकलन पेट्री मास्तरांनी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि दुपारच्या चहापर्यंत ठरवून टाकलं, की खोऱ्याच्या वतीने एकमताचं निवेदन आपणच द्यायचं.

पेट्री मास्तर ड्रमलीच्या दोन खोल्यांच्या शाळेचे शेवटचे मुख्याध्यापक. शाळा बंद पडली, मास्तर चालूच राहिले. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी सफरचंद कापून अपूर्णांक शिकवले होते, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते सफरचंद तास संपायच्या आत फस्त केलं होतं. बायको, एल्स्पेथ, गेल्यापासून ते एकटेच जेवत. जेवत म्हणजे टोस्ट, उकडलेलं अंडं आणि रेडिओवरच्या बातम्या. माणसांत बसून खाणं महिन्यातून एकदाच व्हायचं. पहिल्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये पत्त्यांची संध्याकाळ असे, आणि डाव संपला की सपर, म्हणजे चहा-फराळ. प्रत्येक घराने एक प्लेट भरून काहीतरी आणायचं, सगळं लांब टेबलावर मांडायचं, आणि ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. मास्तर पत्ते फार वाईट खेळत. ते सपरसाठीच येतात, हे मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

एप्रिलच्या शनिवारी मास्तरांनी पत्ते पिसू दिले नाहीत. शाळेतला जुना फळा त्यांनी हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'न्याय्य कर म्हणजे काय?' मग खडू खाली ठेवून हात झटकले आणि म्हणाले, बोला.

लोक बोलले. ब्रेंट हॅल्डेनकडे हजारावर गाई होत्या. लहानपणी त्याला सातचा पाढा येत नसे, आता त्याची गरज उरली नव्हती. त्याचं म्हणणं, प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा सारखाच हिस्सा द्यावा. जो जास्त राबतो त्याला दंड कशाला? यावर नेटी गॅलब्रेथ म्हणाली, की राबतात त्या गाई. सपरची सगळी व्यवस्था नेटीकडे असे आणि चहाची प्रचंड किटली उचलून उचलून तिच्या बोलण्यालाही तेवढंच वजन आलं होतं. ज्याच्या छपरावर जास्त पाऊस पडतो त्याने जास्त पाणी द्यावं, हा तिचा मुद्दा. वॅल रेनीने आयुष्यभर लोकांचे हिशेब लिहिले होते. ती म्हणाली, माणूस काय कमावतो हे बघूच नका, तो लपवतो. काय खर्च करतो ते बघा. म्हणजे मी पावावर कर भरायचा आणि कुणी शेत विकून शीळ घालत घरी जायचं का, असं नेटीने विचारलं. मागून कुणीतरी दुधाच्या टँकरने रस्त्याची काय दशा केली आहे ते सांगितलं. ते करात बसत नव्हतं, पण त्याला दर सभेत ते सांगायचंच असे.

सर्वांत मागे मारितेस दुमलाव बसली होती. तिचा नवरा रोदेल ब्रेंटच्या गोठ्यात दूध काढायच्या कामावर होता. फिलिपीन्सहून येऊन त्यांना अजून फार दिवस झाले नव्हते. तिने शाळेतल्यासारखा हात वर केला आणि विचारलं, की जो पहिल्या पगारापासून कर भरतो पण अजून इथला म्हणवला जात नाही, तो यात कुठे बसतो? प्रश्न फार चांगला आहे, असं सगळ्यांनी म्हटलं आणि चर्चा पुढे गेली.

चर्चा अशी रंगली, की एरवी एकमेकांना ट्रॅक्टर उसना देणारी माणसं एकमेकांना आडनावाने हाक मारू लागली. शेवटी नेटीने किटली टेबलावर आदळली. चहा झाला आहे, असा त्याचा अर्थ होता. सगळे उठले, टेबलाभोवती जमले, आणि हॉल एकदम शांत झाला. भाजलेल्या चीज रोलचा वास, अंड्याच्या सँडविचांचे ढीग, मारितेसची परातभर तळलेली शेवई, मधोमध नेटीची पावलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा तो ढगासारखा केक, वर साय आणि फळं. मास्तर आपली प्लेट हातात धरून थबकले. इथे कुणी कायदा केला नाही, कुणी वसुली केली नाही, तरी टेबल भरलं आहे आणि प्रत्येकजण खातो आहे. न्याय्य करव्यवस्था म्हणतात ती हीच नाही का? आपण इतकी वर्षं ती चघळत होतो आणि ओळखलं नाही.

माणसाला चांगली कल्पना सुचावी, पण तोंडात घास असताना सुचू नये. मास्तरांनी घास गिळला आणि ती तिथेच जाहीर केली. आपण आपलं सपरच समितीपुढे ठेवू. फक्त त्याआधी ते जरा तपासून, नीट आखून घेऊ.

जरा नीट आखून घेणं, या चार शब्दांनी जगात जेवढं नुकसान केलं आहे तेवढं पुरांनी केलं नसेल.

मास्तरांनी लगेच समितीला पत्रही पाठवलं, की आपण तालुक्याच्या गावी बसण्याऐवजी ड्रमलीच्या हॉलमध्ये या, आम्ही आपल्याला चालतं उदाहरण दाखवतो. समितीच्या कचेरीतून एका तरुण कारकुनाचा फोन आला. हॉलला चाकाच्या खुर्चीसाठी उतरण आहे का, संकटकाळी बाहेर पडायचे दरवाजे किती, हे झाल्यावर त्याने विचारलं, की खाण्याचं जे म्हटलं आहे ते भेट म्हणून का? कारण समितीला भेट घेता येत नाही.

"भेट नाही," मास्तर म्हणाले. "तो कर आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग कारकून म्हणाला, की समितीला करही घेता येत नाही, ते काम वेगळ्या खात्याचं. शेवटी असं ठरलं, की समिती येईल, बघेल, चहा घेईल, खाणार नाही.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. मास्तरांच्या फाटकापाशी गाड्या थांबू लागल्या. कुणी म्हणे, प्लेटचा आकार ठरवा, काही लोक बशीला प्लेट म्हणतात. कुणी म्हणे, दुकानातून आणलेलं निम्मं धरा. एका बाईंचं म्हणणं, खाणाऱ्यांवर लक्ष ठेवा, आणणाऱ्यांवर नको. आणि कुणावर लक्ष ठेवायचं त्याचं नावही त्यांनी दिलं. मास्तरांना हे सगळं फार आवडलं. शाळा बंद झाल्यापासून इतक्या लोकांनी त्यांच्यापुढे एकदम हात वर केले नव्हते.

मेच्या शनिवारसाठी त्यांनी सर्वांत सोपा नियम निवडला. मुलांना शिकवतानाही आपण सोप्याकडून अवघडाकडे जातो. प्रत्येक घराने बारा तुकडे आणायचे. सगळ्यांना सारखं. मास्तरांचे स्वतःचे बारा आधीपासूनच तयार असत. एल्स्पेथ गेल्यापासून त्यांच्या प्लेटवर बिस्किटं आणि चीजचे चौकोन असत, चवीला यथातथा पण भूमितीच्या दृष्टीने निर्दोष.

शनिवारी लोक आले आणि प्रत्येकाने बारा आणले. बाराच. ज्या घरांतून परात यायची तिथून बारा आले. चीज रोल बोटाएवढे झाले होते. सँडविचं इतकी लहान कापली होती, की त्यातलं अंडं ऐकीव वाटत होतं. ब्रेंट हॅल्डेन मात्र अतिशय खुशीत होता. त्याच्या बिस्किटांच्या पुड्यावर 'बारा नग' असं छापलेलंच होतं. "पहिल्यांदाच मी इतरांइतकं आणलंय, मास्तर," तो म्हणाला. "फार बरं वाटतंय."

नेटीची पावलोव्हा हा एक तुकडा की बारा, यावर थोडा वाद झाला. वॅल रेनीने सुरी लावेपर्यंत तो एकच असतो असा निर्णय दिला. मग कुणी सुरी लावेना, कारण लावणाऱ्याच्या नावावर काय चढेल याचा भरवसा नव्हता.

मारितेसनेही बारा आणले. तिची चार मुलं टेबलापाशी आलीच नाहीत, भिंतीकडेच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली. मास्तरांनी त्यांना बोलावलं, तेव्हा थोरलीने सांगितलं, की आम्ही घरून जेवून आलो आहोत. किती शहाणी मुलं, असं मास्तरांच्या मनात आलं. शिक्षकाच्या मनात असं आलं, की त्याने दुसऱ्यांदा विचार करावा. मास्तरांनी केला नाही. त्यांच्यापुढे नियमाची दुसरी पायरी होती.

जूनचा नियम असा: ज्याची ऐपत जास्त, त्याने जास्त आणायचं, ज्याची कमी, त्याने काही आणायचं नाही, उलट उरलेलं घरी न्यायचं. याला कुणाचाच विरोध नव्हता, कारण आपली ऐपत बेताचीच आहे हे प्रत्येकाला मनोमन माहीत होतं. ऐपत मोजायची कशी, एवढंच उरलं. मास्तरांनी ठरवलं, घर, जनावरं आणि गाडी ज्याच्या नावावर असेल ते बघायचं.

हे ऐकल्यावर वॅल रेनीला पुन्हा तारुण्य आलं. ती रोज दुपारी हॉलच्या पायरीवर बसू लागली आणि येईल त्याला फुकट सल्ला देऊ लागली. नवरा-बायकोंनी आपल्या प्लेट वेगळ्या दाखवाव्या का, सासूच्या नावावर केक करता येतो का, गेल्या महिन्यात जास्त आणलं असेल तर ते या महिन्यात वळतं करता येतं का. "मी कुणाला चुकवायला शिकवत नाही, लॉकलन," ती मास्तरांना म्हणाली. "तू नियम केलास, मी तो वाचते. तुझ्या वर्गात असं वाचणारं कुणी असतं तर तुला आनंदच झाला असता."

ब्रेंटची गोष्ट अशी निघाली, की शेत कंपनीच्या नावावर होतं. गाई कुटुंबाच्या ट्रस्टच्या होत्या. घर बायकोचं, गाडी कंपनीची. खुद्द ब्रेंटच्या नावावर एक म्हातारा कुत्रा आणि भावाबरोबर घेतलेली अर्धी होडी. कंपनीने प्लेट आणावी असं मास्तरांनी सुचवून पाहिलं, पण कंपनी पत्ते खेळायला येत नव्हती. तेव्हा नियमाप्रमाणे ड्रमलीतला सर्वांत गरजू माणूस ब्रेंट हॅल्डेन ठरला.

आणि सर्वांत श्रीमंत? घर स्वतःचं, कर्जमुक्त, स्वतःच्याच नावावर. गाडी तशीच. शिवाय पेन्शन. फळ्यावर ओढलेल्या रेघांच्या टोकाशी मास्तरांना स्वतःचं नाव दिसलं. त्यांच्यावर तीन प्लेट बसल्या होत्या.

मास्तरांनी ते धीराने घेतलं. चीजचे चौकोन काही ऐपतीला शोभणारे नव्हते, म्हणून ते चीज रोल करायला निघाले. चीज रोल हा आमच्याकडचा सोपा पदार्थ: पावाच्या कापावर शिजवलेलं चीज फासायचं, गुंडाळी करायची, लोणी लावून भाजायची. इतका सोपा, की त्याबद्दल खोऱ्यातल्या कुठल्याही दोन घरांचं एकमत नाही. एकीने सांगितलं, कांद्याच्या सूपची पूड घालाच. दुसरी म्हणाली, ती घालणाऱ्यांना मी घरात घेत नाही. पाव ताजा घ्या, पाव शिळा घ्या, कडा कापा, कडा कापणं हे पाप आहे. पाव कोणत्या जाडीचा घ्यायचा, हे मात्र कुणीच सांगितलं नाही, कारण ते जन्मतःच माहीत असतं असा सगळ्यांचा समज होता.

मास्तरांनी जाड पाव आणला. तो गुंडाळेना. गुंडाळला की संथपणे, एखाद्या हट्टी विद्यार्थ्यासारखा, पुन्हा सरळ होई. मास्तरांनी हट्टी विद्यार्थी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी पार्सलाची सुतळी आणली, प्रत्येक गुंडाळी नीट बांधली, गाठी मारल्या आणि तिन्ही प्लेटांचा माल ओव्हनच्या ग्रिलखाली सरकवला. सुतळी कोणत्या तापमानाला पेटते हे त्यांना ठाऊक होतं, शिकवलेलं होतं. ते त्यांना सुतळी पेटल्यावर आठवलं.

आग फार नव्हती, धूर मात्र सढळ होता. तो पाहून कुणीतरी भोंगा वाजवला आणि खोऱ्याचं अग्निशमन दल बंब घेऊन हजर झालं. दल म्हणजे पत्ते खेळणारीच मंडळी, डोक्यावर टोप घातलेली, आणि दलाचा प्रमुख ब्रेंट. त्याने खिडक्या उघडल्या, ग्रिल बंद केला, आणि काळ्या पडलेल्या ढिगातून एक रोल उचलून सुतळी सोडवून चाखला.

"पुढच्या वेळी पातळ पाव, मास्तर," तो हळूच म्हणाला. हेल्मेट काढून म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मास्तर धुराच्या वासाचा कोट घालून हॉलमध्ये उभे राहिले आणि नियमाप्रमाणे सगळं पार पाडलं. ब्रेंट काहीही न आणता आला, सावकाश जेवला, आणि उरलेली अंडं भरलेली पेस्ट्री कागदात गुंडाळून घरी घेऊन गेला. "नियम म्हणजे नियम," त्याने जाताना सांगितलं. "तुम्हीच शिकवलंत."

हे एक वेळ चाललं असतं. पण नेटी नेहमीसारखी पावलोव्हा घेऊन आली होती. नियमाप्रमाणे तिच्यावर अर्धीच प्लेट होती. घर मुलाच्या नावावर, गाडी नाहीच. मास्तरांना मनापासून आनंद झाला. निदान एक तरी माणूस असा, की ज्याला आपल्या नियमाने काही परत मिळतंय. त्यांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, की तुझं जास्त भरलं गेलं आहे, तेव्हा आता वर्षअखेरपर्यंत तू काही आणायची गरज नाही.

नेटीने हातातली सुरी खाली ठेवली.

"इतकी वर्षं मी हा केक आणला, तो माझ्याकडे बाकी निघत होती म्हणून, असं वाटलं तुला?"

मास्तर म्हणाले, तसं नाही, पण नियमाच्या दृष्टीने पाहिलं तर... ते वाक्य त्यांनी पुरं करायला नको होतं, आणि सुरूही करायला नको होतं. नेटीने एप्रन सोडला, त्याची व्यवस्थित घडी घातली, ती किटलीवर ठेवली आणि ती घरी गेली. किटली तिच्यामागून कुणाला उचलेना.

जुलैचा शनिवार आला. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा; बाहेर दहिवर दगडासारखं घट्ट झालेलं. लोक आले, पत्ते खेळले, आणि सपरच्या वेळी प्रत्येकाने पिशवीतून आपापला डबा काढला. कुणी भांडलं नाही. आपापल्या कोपऱ्यात बसून, झाकणं अर्धवट उघडी ठेवून, सगळे आपापलं जेवले. वॅलने सांगितलं, की सद्यस्थितीत हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. दुमलाव मंडळी आलीच नव्हती. लांब टेबलावर फक्त मास्तरांच्या तीन प्लेट होत्या; या वेळी पाव पातळ होता, रोल चांगले झाले होते, आणि त्यांना कुणी हात लावला नाही, कारण लावल्यास काय लागू होईल हे कळत नव्हतं.

मास्तर टेबलाच्या टोकाला बसून आपलेच दोन रोल खात राहिले. घरी रेडिओ तरी असतो, असं त्यांच्या मनात आलं. आता पुढच्या महिन्यापासून पहिला शनिवारही बाकीच्या दिवसांसारखाच होणार, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं. समिती यायला तीन आठवडे होते, आणि तिला दाखवायला एक चालतं उदाहरण होतं, ते बंद पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेटीकडे गेले. ती परसात लाकडं फोडत होती आणि त्यांना पाहून थांबली नाही. मास्तर म्हणाले, मी फळा पुसतो. सगळं पूर्वीसारखं करू. पूर्वीचंच न्याय्य होतं.

"कोण म्हणालं?" नेटी म्हणाली.

मास्तर एक पाऊल पुढे आले.

"सपर झाल्यावर तू काय करतोस, लॉकलन?"

मास्तरांनी विचार केला. शेकोटीपाशी उभा राहतो, ते म्हणाले. चर्चा करतो.

"आणि कप?"

कपांबद्दल मास्तरांकडे कुठलीच माहिती नव्हती. कप येत, त्यात चहा असे, मग ते जात. पुढच्या महिन्यात पुन्हा स्वच्छ येत. ऋतू जसे येतात, तसे.

"तू तुकडे मोजलेस, घरं मोजलीस, ब्रेंटचा कुत्रासुद्धा मोजलास," नेटी म्हणाली. "त्या सिंकपाशी मी आणि आणखी दोघीतिघी, आमच्या आया होत्या तेव्हापासून उभ्या आहोत. ते कुठल्या रकान्यात होतं?" तिने पुढचं लाकूड ठोकळ्यावर ठेवलं. "पूर्वीचं बरं होतं. न्याय्य होतं असं म्हणू नकोस. बाजूला हो, ढलपी उडेल."

तिथून ते मारितेसकडे गेले. तिने त्यांना आत घेतलं, खायला दिलं. नको म्हणायची सोय ठेवली नाही. मास्तरांनी बारा तुकड्यांबद्दल माफी मागितली. मारितेस म्हणाली, की खरं सांगायचं तर तो नियम ऐकला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. त्याआधी किती आणलं म्हणजे पुरे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ती शुक्रवारपासून रांधत बसायची. लोकांनी नावं ठेवू नयेत.

"मग बारा बरे होते?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"बारा आणणं बरं होतं, सर," ती म्हणाली. "पण बारा आणून सहाजणांनी खायचं कसं? म्हणून मुलांना आधी जेवू घातलं. नियम हवा. पण तुमच्या नियमाला माझी मुलं दिसली नाहीत."

मास्तर हॉलवर गेले आणि फळ्यासमोर बसले. नियम केला तर लोक तेवढंच देतात. नाही केला, तर चांगली माणसं दमतात आणि नवी माणसं घाबरतात. एखादं गणित सुटत नाही तेव्हा मुलांना ते सांगत, की जे तुला नक्की येतं त्यापासून सुरुवात कर. त्यांना नक्की येतं असं फार थोडं होतं. घरी येऊन त्यांनी फोन उचलला आणि खोऱ्यातल्या प्रत्येक घरी सारखंच सांगितलं: समिती येईल त्या दिवशी सपर आहे, ज्याला जे जमेल ते आणावं, काही नसलं तर नुसतं यावं, आणि मुलांना उपाशी आणावं. कप मी धुणार आहे.

पहिल्या भागाचा कुणावर काय परिणाम झाला, सांगता येत नाही. पण पेट्री मास्तर कप धुणार, ही बातमी शेजारच्या खोऱ्यापर्यंत गेली. समितीला पाहायला आले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक ते पाहायला आले. आणि लोक येतात तेव्हा रिकाम्या हाताने येत नाहीत. तेवढी लाज सगळ्यांना असते. टेबलाला दुसरं टेबल जोडावं लागलं. नेटी पावलोव्हा घेऊन आली. ती ठेवून तिने आपला एप्रन मास्तरांच्या हातात दिला आणि शेकोटीपाशी जाऊन उभी राहिली. चर्चा करायला, असं तिने सांगितलं.

ब्रेंटने चिप्सचा पुडा आणला. माणसं एका महिन्यात बदलत नाहीत.

समिती वेळेवर आली. अध्यक्ष टिपेने पाराटा, मोठ्या अंगाचे, गंभीर गृहस्थ, दोन सदस्य, आणि तो फोनवरचा कारकून, जो आल्या आल्या दरवाजे मोजू लागला. अध्यक्षांनी फळ्यावरचा प्रश्न वाचला आणि लोकांना बोलायला सांगितलं. ब्रेंट बोलला, सारखा हिस्सा. नेटी बोलली, शेकोटीपासूनच. वॅल बरंच बोलली. मारितेस या वेळी हात वर न करता बोलली, आणि कारकुनाने तिचा प्रश्न दोनदा विचारून नीट उतरून घेतला. टँकरची तक्रार करणाऱ्यानेही आपलं सांगून घेतलं. एकमत झालं नाही. मग सपर झालं, आणि समिती चहाचे कप धरून, टेबलाकडे न बघण्याचा प्रयत्न करत उभी राहिली.

या सगळ्यात मास्तर नव्हते. ज्या निवेदनासाठी त्यांनी चार महिने घालवले, ते द्यायची वेळ आली तेव्हा ते स्वयंपाकघरात कोपरापर्यंत फेसात होते. कप संपत नव्हते. एक ढीग धुवून होईतो दुसरा दारातून आत येई. खोऱ्यात इतकी तोंडं आहेत हे त्यांना जनगणनेतूनही कळलं नव्हतं. पाठ भरून आली होती. मारितेसची थोरली पोर आत येऊन त्यांच्याजवळ एक प्लेट ठेवून गेली, वर दुसरी पालथी घातलेली. हात ओले म्हणून त्यांना ती उघडताही येईना.

तेवढ्यात ब्रेंट आत आला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, मग ढिगाकडे. आपण इथे कधीच आलो नव्हतो, असं त्याने सांगितलं, जणू हॉलला आणखी एक खोली निघाली होती. मग त्याने बाह्या सरसावल्या आणि मास्तरांना कोपराने बाजूला सारलं. "तुम्ही खाऊन घ्या," तो म्हणाला. "गोठा धुणाऱ्याला हे काय जड आहे?"

मास्तरांनी हात पुसले, प्लेट उघडली. शेवई, दोन सँडविचं, तीन चीज रोल, पावलोव्हाचा एक मोठा, कलंडलेला तुकडा. सगळं एकावर एक, कुणीही न मोजता रचलेलं. ते ओट्याला टेकून उभ्यानेच खाऊ लागले. दारातून लोक ये-जा करत होते, कप ठेवत होते, कुणी थांबून ब्रेंटला सल्ला देत होतं, कुणी मास्तरांच्या प्लेटमधून एखादा रोल उचलत होतं. स्वयंपाकघर भरून गेलं. मास्तरांना एल्स्पेथ गेल्यापासून इतकी भूक लागली नव्हती.

त्या गर्दीतून वाट काढत अध्यक्ष पाराटा आत आले. सोबत कारकून. त्यांनी सांगितलं, की बाहेर सगळ्यांचं ऐकून झालं, पण पत्र ज्यांनी पाठवलं त्यांचंच राहिलं. चालतं उदाहरण दाखवतो असं तुम्ही लिहिलं होतं. तर ड्रमलीच्या मते न्याय्य कर म्हणजे नेमकं काय, ते एका वाक्यात सांगाल का?

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्यात पावलोव्हा होती. त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. कारकून पेन उघडून वाट बघू लागला. ब्रेंट थांबला. सगळं स्वयंपाकघर थांबलं.

नेटी शेकोटीपासून निघून दारात आली होती. तिने ओट्याकडे नजर टाकली, खुंटीवरचं कोरडं फडकं काढलं आणि ते अध्यक्षांच्या हातात दिलं.

"लिहिता येईल नंतर," ती म्हणाली. "अजून बशा राहिल्यात."